हायस्कूल ग्रॅज्युएट म्हणजे दहावी पास नव्हे

मे महिन्याच्या अखेरीस दादाने टेक्सासहून फोटो पाठवला. भाचीच्या अंगात निळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, टोपीला लोंबणारा गोंडा. खाली एकच ओळ: ‘आजपासून हायस्कूल ग्रॅज्युएट!’ मी कौतुकाने तो शेजारच्या काकूंना दाखवला. काकू इंदूरच्या रामबागेतच जन्मल्या, इथेच वाढल्या, इथेच जुनी अकरावी झाल्या. त्यांनी चष्मा सरकवून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “अगं, हाईस्कूल म्हणजे दहावी ना? मग ही ग्रॅज्युएट कशी झाली? आणि अठरा वर्षांची पोर दहावीत काय करून राहिली होती?”

काकूंचं काही चुकलं नव्हतं. आपल्या मध्य प्रदेशात दहावीला ‘हाईस्कूल’ म्हणतात आणि बारावीला ‘हायर सेकंडरी’. ग्रॅज्युएट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती देवी अहिल्या विश्वविद्यालयाची पदवी. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी ही चार वर्षं, आणि ग्रॅज्युएट होणं म्हणजे तिथून रीतसर बाहेर पडणं. म्हणजे आपली बारावी झाली म्हणा. इथवर काकूंना लगेच पटलं. पुढचा प्रश्न मात्र त्यांनी असा टाकला की चहा गार झाला तरी मला धड उत्तर देता येईना: “बरं, मग बोर्डात किती पडले?”

बोर्डात काहीच पडले नाहीत, कारण तिकडे बोर्डच नाही. मी पंचवीसेक वर्षं शाळेत गणित शिकवलं, अजून घरी दहावीच्या मुली येतात. ‘बोर्ड’ नावाचा प्राणी नसताना शाळा संपली हे कोणी आणि कशावरून ठरवायचं, हे नीट समजून घ्यायला मलाही चार-सहा व्हिडिओ कॉल लागले.

पासबुक भरत जातं

शाळा पूर्ण झाली असं कधी म्हणायचं, हे अमेरिकेत केंद्र सरकार ठरवत नाही. प्रत्येक राज्याची विधानसभा आपापला कायदा करते. त्यामुळे जे खाली सांगते आहे ते टेक्सासचं. शेजारच्या राज्यात नियम निराळे असतात.

टेक्सासमध्ये हिशोब चालतो क्रेडिटचा. एक विषय वर्षभर शिकायचा, त्यात शंभरापैकी ७० मिळवायचे, की एक क्रेडिट जमा. विषय अर्ध्या वर्षाचा असेल तर अर्धं. बँकेच्या पासबुकात जशा नोंदी होत जातात तशी ही क्रेडिटं नववीपासून साठत जातात. शाळा संपवायला कमीत कमी २२ लागतात: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान ३, सामाजिक शास्त्रं ३, परकी भाषा २, व्यायाम १, कला १ आणि स्वतःच्या आवडीचे ५. याच्या वर आणखी ४ घेतली, त्यात चौथं गणित आणि चौथं विज्ञान आलं, तर २६ होतात आणि प्रमाणपत्रावर एका विशेष शाखेचा उल्लेख येतो. अशा शाखा पाच: विज्ञान-तंत्रज्ञान-गणित, व्यापार-उद्योग, लोकसेवा, कला आणि मानव्यविद्या, आणि पाचवी सगळ्यांची भेळ. नववीत शिरतानाच त्यातली एक लेखी कळवावी लागते, पुढे बदलता येते.

दादाने भाचीच्या चार वर्षांच्या गुणांच्या उताऱ्याचा फोटो पाठवला तो मी मोठा करून वाचला. गणित, रसायन, स्पॅनिश दोन वर्षं, हे सगळं ठीक. मध्येच एक ओळ ‘मातीकाम’, आणि समोर ९८. हे कलेचं एक क्रेडिट. ते नसतं तर बाकी सगळं असूनही मुलगी ग्रॅज्युएट झाली नसती. शिवाय क्रेडिटात न मोजलेल्या पण कायद्याने लागणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत. कोणाचं हृदय बंद पडलं तर छाती दाबून ते चालू ठेवण्याचं शिक्षण शाळेत एकदा तरी मिळालेलं हवं. पोलिसाने गाडी थांबवली तर कसं वागायचं, आपले हक्क काय, हेही शिकवावं लागतं. काकूंना हे दुसरं फार आवडलं. “आपल्याकडे हे कोणी शिकवत नाही,” म्हणाल्या. मी म्हटलं, “आपल्याकडे पोलिसाने थांबवलं की मुलं काकाला फोन लावतात.”

आता ७० विरुद्ध ३३. पासाची रेघ तिकडे ७० आहे म्हणून तिकडचं शिक्षण दुप्पट कडक, असा अर्थ काढू नका. ते ७० वर्गातल्या शिक्षकाने दिलेले असतात, आणि त्यात गृहपाठ, प्रयोगवही, छोट्या चाचण्या, मोठी चाचणी असं सगळं वर्षभराचं मिसळलेलं असतं. आपले ३३ मुख्यतः त्या तीन तासांचे. दोन रेघा दोन वेगळ्या भिंतींवर आखलेल्या आहेत.

पाच परीक्षा, आधी होत्या पंधरा

शिक्षकाच्या मार्कांवर सगळं सोडलं तर एका शाळेतले ७० आणि दुसऱ्या शाळेतले ७० सारखे कशावरून? हा प्रश्न आपल्याला लगेच सुचतो, कारण शाळेच्या हातातले ‘आंतरिक’ २० पैकी १९ कसे येतात हे आपण जाणून आहोत. तो तिकडेही सुचला. म्हणून टेक्सासमध्ये क्रेडिटांच्या जोडीला राज्याच्या परीक्षा आहेत. एखादा विषय संपला की त्या विषयाची एक परीक्षा, पेपर राज्याचा. या परीक्षांच्या मालिकेला ‘स्टार’ म्हणतात. हायस्कूलमधून बाहेर पडायला यातल्या पाच उत्तीर्ण व्हाव्या लागतात: बीजगणित १, जीवशास्त्र, इंग्रजी १, इंग्रजी २ आणि अमेरिकेचा इतिहास. ज्या वर्षी विषय संपतो त्या वर्षी परीक्षा. कित्येक मुलं बीजगणित आठवीतच उरकतात, भाचीनेही तसंच केलं. एकाच मार्च महिन्यात सगळं डोक्यावर येऊन पडत नाही.

आणि नापास झालं तर? पुन्हा द्यायची. वर्षातून तीनदा संधी असते, कितीही वेळा बसा. तोवर वर्गाबरोबर पुढे जाता येतं.

हे आज ऐकायला सुटसुटीत वाटतं, पण २०११-१२ साली नववीत शिरलेल्या मुलांसमोर पाच नव्हे, पंधरा परीक्षा होत्या. बारा विषय, त्यात तीन वर्षांच्या इंग्रजीत वाचन वेगळं आणि लेखन वेगळं, असे पंधरा. त्यावर कडी म्हणजे एक नियम असा की परीक्षेतले गुण त्या विषयाच्या वर्षाच्या निकालात १५ टक्के धरायचे. म्हणजे परीक्षा बिघडली की क्रेडिटही गोत्यात, आणि त्यामुळे विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लागणारा वर्गातला क्रमांकही. एकाच दगडाने मुलाला तीन ठिकाणी लागायचं.

यावर मुलांच्या आया उठल्या. त्यांनी एक संघटना उभी केली, राजधानी ऑस्टिनमध्ये आमदारांच्या सुनावण्यांना जाऊन बसू लागल्या. दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध आयांची एक जुनी नावाजलेली संघटना अमेरिकेत आहे. तिच्या नावावर कोटी करून लोक यांना ‘परीक्षेच्या नशेविरुद्धच्या आया’ म्हणू लागले. शेकडो शाळा-जिल्ह्यांनी ठराव केले. (शाळा-जिल्हा म्हणजे आपला कलेक्टरचा जिल्हा नव्हे. ठरावीक भागातल्या शाळा चालवणारं, बहुधा लोकांनीच निवडून दिलेलं मंडळ असतं ते.) खुद्द राज्याचे शिक्षण आयुक्त रॉबर्ट स्कॉट यांनी २०१२ च्या सुरुवातीला जाहीरपणे म्हटलं की परीक्षांचा मूळ हेतू बाजूला पडून भलतंच होऊन बसलं आहे. मग २०१३ मध्ये विधानसभेने मोठ्या बहुमताने कायदा केला आणि जूनमध्ये राज्यपाल रिक पेरी यांनी त्यावर सही केली. पंधराच्या पाच झाल्या, १५ टक्क्यांचा नियम गेला, आणि वर सांगितलेली २२ आणि २६ क्रेडिटांची चौकट आली.

पाचच का, शून्य का नाही? कारण वर केंद्राचा दांडा आहे. २००२ पासून लागू झालेला आणि २०१५ मध्ये बदललेला केंद्रीय कायदा सांगतो की तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणित, हायस्कूलमध्ये दोन्ही एकेकदा, आणि विज्ञान तीन टप्प्यांवर एकेकदा, एवढ्या परीक्षा राज्याने घेतल्याच पाहिजेत. बेरीज केली तर सतरा. पण त्या परीक्षा शाळा कशा चालल्या आहेत हे पाहायला आहेत. त्यात मूल पास झालंच पाहिजे, नाहीतर प्रमाणपत्र नाही, असं केंद्र कुठेही म्हणत नाही. ती अट राज्याची. मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी थेट मतदान करून ही अट काढून टाकली. परीक्षा होते, पण तिच्यावर प्रमाणपत्र अडत नाही.

झाकण किती वेळा उघडायचं

मला सगळ्यात जास्त रस वाटला तो टेक्सासच्या २०१३ च्या कायद्यातल्या एका लहानशा कलमात. राज्याच्या परीक्षेची तयारी म्हणून शाळा-जिल्हा ज्या सराव परीक्षा सगळ्या मुलांवर सक्तीच्या करतो, त्या एका राज्य-परीक्षेमागे दोनपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. बास, दोन. शिक्षकाने स्वतःच्या वर्गात धडा संपल्यावर घेतलेल्या चाचणीला हे लागू नाही. वरून लादलेल्या प्री-बोर्डला लागू आहे, असं आपल्या भाषेत म्हणू या.

दुसरं कलम त्याच्या जोडीचं. कच्च्या मुलाला जादा शिकवणीसाठी किंवा परीक्षेच्या तयारीसाठी दुसऱ्या वर्गातून उठवून नेलं, तर त्या वर्गाच्या १० टक्क्यांहून जास्त दिवस नेता येत नाही, पालकांनी लेखी होकार दिल्याशिवाय. म्हणजे मातीकामाचा तास गणितवाल्या बाईंनी खाऊन टाकायचा नाही. हे वाचताना मी जरा खाली बघितलं. जानेवारी-फेब्रुवारीत पी.टी.चे तास मी किती खाल्ले आहेत याचा हिशोब पी.टी.च्या सरांनाच माहीत, आणि ते सज्जन गृहस्थ कधी बोलले नाहीत.

आता हा आपल्याकडचा हिशोब बघा. मागच्या वर्षी माझ्याकडे येणारी एक मुलगी, दहावी, सीबीएसई. तिच्या घरी कपाटाच्या दारावर कालनिर्णय आणि त्यावर लाल गोल. गणिताच्या बाईला मोजल्याशिवाय राहवत नाही. शाळेच्या दोन पीरियॉडिक टेस्ट, पाच-पाच विषय, म्हणजे दहा पेपर. अर्धवार्षिकाचे पाच. प्री-बोर्ड एक, दोन आणि तीन, म्हणजे पंधरा. खरी परीक्षा यायच्या आधी तीस पेपर. शिवाय कोचिंगची रविवारची टेस्ट, ती गोल न काढताच चालू.

तिचे तिन्ही प्री-बोर्डचे गणिताचे पेपर मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. वर्गसमीकरणाच्या सूत्रात ‘ब’ स्वतःच ऋण असेल तर ‘उणे ब’ धन होतो, हे ती पहिल्या पेपरात विसरली. दुसऱ्यात विसरली. तिसऱ्यातही विसरली. कारण साधं होतं: पहिला पेपर तपासून हातात आला तो दुसरा देऊन झाल्यावर. दुसरा आला तिसऱ्याच्या आदल्या दिवशी. तीन परीक्षांनी एकच चूक तीनदा नोंदवली, दुरुस्त करायला मधे दिवसच ठेवले नव्हते. मी तिला बसवून वीस मिनिटांत ते चिन्ह नीट करून घेतलं. यात माझी काही हुशारी नाही. त्या वीस मिनिटांत परीक्षा नव्हती, एवढंच.

शिक्षणशास्त्रात याला दोन नावं आहेत: आकारिक मूल्यमापन आणि संकलित मूल्यमापन. बी.एड.च्या पेपरात यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो आणि लिहिणारा पास होऊन लगेच विसरतो. आकारिक म्हणजे शिकता शिकता पाहणं, कुठे अडलं ते कळावं म्हणून. संकलित म्हणजे शेवटी शिक्का मारणं. पेपर तोच असू शकतो. फरक त्यानंतर काय होतं यात आहे. मुलाच्या चुकीवर कोणी बसलं तर तो आकारिक, नुसता रजिस्टरमध्ये आकडा चढला तर संकलित, मग त्याला ‘सराव’ म्हणा नाहीतर आणखी काही. आपल्या प्री-बोर्ड नावाला सराव, प्रत्यक्षात शिक्के.

इंदूरचे पोहे वाफेवर होतात हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. खाली पाण्याचं भांडं, वर पोह्यांची परात, त्यावर झाकण. गिऱ्हाईक कितीही घाई करो, पोहेवाला उगाच झाकण उघडत नाही, कारण प्रत्येक वेळी वाफ जाते आणि पोहे कोरडे पडतात. परीक्षेचंही तसंच आहे. बघायला तर लागतंच, पण बघण्याची किंमत असते, आणि ती शिकण्याच्या वेळातून वसूल होते. टेक्सासच्या कायद्याने झाकण किती वेळा उघडायचं याला आकडा घातला, एवढंच म्हणता येईल.

आकडा घातल्याने सगळं सरळ होतं का? नाही. जिल्ह्याने सक्तीची केलेली सराव परीक्षा मोजली जाते, मग तीच गोष्ट ‘चाचणी’ म्हणून, ‘तपासणी’ म्हणून, दुसऱ्या कुठल्या नावाने घेता येते का, याच्या वाटा हुशार माणसं शोधतातच. आपण तर या कलेत पीएच.डी. आहोत.

३३ ची रेघ आणि मंडीतला काटा

परीक्षेवर मर्यादा घालण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते गणिताचं आहे, म्हणून थोडं रेंगाळते.

सराफ्यात दिवसा सोनं तोलायचा काटा बघा. काचेच्या पेटीत ठेवलेला, वारा लागू नये म्हणून पेटी बंद, मिलिग्रॅमपर्यंत सांगतो. चोइथराम मंडीत कांद्याचं पोतं तोलायचा काटाही काटाच, पण त्यावर चार-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले तर कोणी भांडत नाही. दोन्ही आपापल्या जागी चांगले. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा मंडीतल्या काट्यावर सोनं तोलतात.

लेखी परीक्षा हा मंडीतला काटा आहे. चौदा धडे शिकवलेले असतात, पेपरात त्यातले काही निवडक प्रश्न येतात. तुम्ही नेमकं जे केलं ते आलं की चार मार्क वर, जे सोडलं ते आलं की चार मार्क खाली. त्या दिवशी ताप होता, तपासनीस थकलेला होता, हे आणखी. तीच मुलगी, तेवढाच अभ्यास, दुसऱ्या दिवशी दुसरा पेपर दिला तर ३१ चे ३६ होऊ शकतात आणि ३६ चे ३१ सुद्धा. ८५ आणि ३५ यांतला फरक हा काटा अचूक सांगतो. ३२ आणि ३३ यांतला फरक त्याला दिसतच नाही. आणि आपण नेमकी तिथेच रेघ मारतो, आणि रेघेच्या अल्याडच्याला नापास म्हणतो.

रेघ कुठेतरी मारावीच लागते, हे मान्य. मग रेघेजवळच्या मुलाचं काय करायचं, यावर प्रत्येक व्यवस्थेची पारख होते. एक उपाय म्हणजे पुन्हा तोलणं. मध्य प्रदेश बोर्डाने २०२५ पासून ‘पूरक’च्या जागी दुसरी परीक्षा आणली. त्याआधी २०१६ मध्ये राज्य मुक्त शाळेची ‘रुक जाना नहीं’ योजना आली, तिच्यामुळे कित्येकांचं वर्ष वाचलं. सीबीएसईनेही २०२६ पासून दहावीला दोनदा परीक्षा ठेवली, दुसऱ्यांदा तीन विषयांपर्यंत गुण सुधारता येतात. नाव बदलल्यानेही थोडं काम होतं. ‘तिला पूरक आली’ हे वाक्य आमच्या लहानपणी गोवर आल्यासारखं हळू आवाजात बोलायचे.

दुसरा उपाय टेक्सासने २०१५ मध्ये काढला, तो मला अधिक विचार करायला लावणारा वाटला. मुलाची क्रेडिटं सगळी झाली आहेत, पण पाच परीक्षांपैकी एक किंवा दोन काही केल्या निघत नाहीत. अशा मुलासाठी शाळेत एक समिती बसते: मुख्याध्यापक, त्या विषयाचे शिक्षक, त्यांच्या वरचे अनुभवी शिक्षक आणि पालक. मुलाने त्या विषयात एखादा प्रकल्प करून दाखवायचा किंवा आपल्या कामाची फाइल मांडायची. समिती त्याचे वर्षाचे गुण, हजेरी, जादा तासांना आला का, हे सगळं बघते. मग मत. आणि ते एकमताने व्हावं लागतं. एकाने जरी नाही म्हटलं तरी प्रमाणपत्र नाही. आधी हे तात्पुरतं होतं, २०२१ मध्ये कायम केलं.

म्हणजे काटा जिथे आंधळा आहे तिथे माणसं बसवली. काकूंनी लगेच शंका काढली, “आणि समितीतला एखादा ओळखीचा निघाला तर?” खरं आहे. जिथे माणूस बसतो तिथे वशिला त्याच्या मांडीवर बसू शकतो. एकमताची अट बहुधा त्यासाठीच असावी.

बारावीच्या पाठीवर किती पोती

आपल्याकडे असल्या समितीची कल्पनाही करवत नाही, याचं कारण मला वाटतं आपली बारावीची परीक्षा एकटी फार ओझं वाहते. शाळा पूर्ण झाली याचा दाखला तीच देते. गुणवत्ता यादी तिच्यावरच निघते. कॉलेजप्रवेशात ती मोजली जाते. भंवरकुआँच्या क्लासमध्ये दोन वर्षं घालवून जेईईत चांगला क्रमांक आला, तरी खुल्या गटातल्या मुलाला आयआयटी-एनआयटीत बसायला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. एवढी पोती एका बैलाच्या पाठीवर असली की कोणी त्याच्या वाटेत समिती उभी करू देणार नाही. प्रत्येकाला आपल्या पोत्याची काळजी.

टेक्सासमध्ये पोती वाटलेली आहेत. शाळेच्या रोजच्या कामाचे गुण क्रेडिटात. किमान एवढं येतं याची खात्री पाच परीक्षांत, आणि ती खरोखरच ‘किमान’ आहे. बीजगणितात काही वर्षी निम्म्याहून कमी प्रश्न बरोबर आले तरी पासाचा टप्पा गाठता आला आहे. विद्यापीठाचा प्रवेश तिसऱ्याच गोष्टीवर: १९९७ च्या कायद्याने शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो, आणि हा क्रमांक चार वर्षांच्या गुणांवर ठरतो. ऑस्टिनच्या मोठ्या विद्यापीठाने आपल्यापुरती ही मर्यादा २०२६ च्या प्रवेशापासून पाच टक्क्यांवर आणली.

तिकडे मग सगळं निवांत असेल असं समजू नका. भाची नववीपासून एकेका दशांशासाठी झुरत होती. वहिनी सांगत होत्या, एका चाचणीत ९१ आले म्हणून ती जेवली नाही. ओझं वाटून दिलं म्हणजे ते कमी होतंच असं नाही. एका मार्च महिन्याऐवजी चार वर्षांवर पसरतं.

२०१३ च्या कायद्याला विरोधही झाला होता. तो ऐकण्यासारखा होता. आधीच्या चौकटीत बहुतेक मुलांना बीजगणिताचा दुसरा, वरचा भाग शिकावाच लागे. नव्या चौकटीत तो साध्या प्रमाणपत्राला लागत नाही. उद्योगजगतातले काही लोक आणि गरीब वस्त्यांसाठी काम करणारे म्हणाले, शिकलेल्या घरातली मुलं तो घेतीलच. ज्यांच्या घरी सांगणारं कोणी नाही, त्यांना शाळाच सोप्या वाटेवर ढकलेल, आणि पुढे विद्यापीठाच्या दारात त्यांना कळेल. थेट प्रवेशासाठी तो विषय लागतोच. परीक्षा कमी करण्यात हा धोका असतो. परीक्षा निष्ठुर असते, पण कोण मागे पडतं आहे हे चारचौघांत सांगते. ती काढली की मागे पडणं थांबत नाही, दिसायचं थांबतं.

आपण हे एकदा अनुभवलं आहे. सीबीएसईने २००९-१० मध्ये सातत्यपूर्ण मूल्यमापन आणलं, दहावीचं बोर्ड ऐच्छिक केलं. कागदावर सुंदर योजना होती. मुलाने प्रकल्प करावा, बोलावं, निरीक्षण करावं. झालं काय? स्टेशनरीच्या दुकानात ‘जलसंधारण’, ‘आपले सण’ असे तयार प्रकल्प मिळू लागले, नाव घालायची जागा कोरी. पन्नास-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षक रात्री बसून ‘सहकार्याची भावना: ब’ असे रकाने भरत. मीही भरले, आणि शपथेवर सांगते, त्यातले निम्मे ब मी आडनाव बघून दिले, कारण चेहरा आठवत नव्हता. २०१८ मध्ये बोर्ड पुन्हा सक्तीचं झालं तेव्हा अनेक शिक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला. कल्पनेत काही वाईट नव्हतं. वर्गात पंचवीस मुलं असती तर कदाचित चालली असती.

टेक्सासवाल्यांचंही अजून संपलेलं नाही. २०२५ मध्ये त्यांनी आणखी एक कायदा केला. २०२७-२८ पासून ‘स्टार’ जाईल आणि तिच्या जागी वर्षाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन छोट्या परीक्षा येतील. निकाल लवकर हातात पडावा आणि वर्ष संपायच्या आत शिक्षकाला काही करता यावं, हा हेतू. हेतू पटतो. पण एकाच्या तीन झाल्या की कमी झाल्या म्हणायचं का, हे माझ्या त्या लाल गोलांच्या मुलीला विचारावं लागेल.

काकूंचं मात्र वेगळंच अडलं आहे. गणेशोत्सवात इथल्या मंडळात गुणवंतांचा सत्कार असतो, नारळ, शाल आणि एक छोटी ट्रॉफी. भाची ऑगस्टमध्ये येणार आहे, म्हणून काकू उत्साहाने फॉर्म घेऊन आल्या. नाव भरलं, वडिलांचं नाव भरलं. परीक्षेच्या रकान्यात ‘हाईस्कूल’ लिहून, खोडून, ‘हायर सेकंडरी (अमेरिका)’ केलं. मग ‘टक्केवारी’पाशी पेन थांबलं.

“मातीकामाचे अठ्ठ्याण्णव लिहू का?”

फॉर्म अजून माझ्या टीव्हीवर पडून आहे.